ढोलाचं पूर्ण तिकीट

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या माणसाची गाठ सगळीकडं एकाच प्रश्नाशी पडते. पुण्यात तो "वेळ कसा काढता हो?" असा आडवळणानं येतो. वऱ्हाडात प्रस्तावनेची पद्धत नाही. तिथं तो थेट येतो: "याच्यातून भेटते काय बे?"

खरं उत्तर 'काहीच नाही' असं आहे. ते दिलं की समोरचा माणूस ऐकून घेतो, पण विश्वास ठेवत नाही. कापूस, तूर, सोयाबीन यांतून काही भेटत नाही हे वऱ्हाडाला पाठ आहे. पण ते नाइलाजानं. मुद्दाम, आपण होऊन, वर्गणी काढून, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून आणि कानात कापूस कोंबून काही न भेटणाऱ्या कामाच्या मागं लागणं, याची संगती लागत नाही.

या लेखाचा नायक अमरावतीचा. नाव सांगायचं कारण नाही, कारण लग्न ठरायचं आहे. नोकरी बरी, स्वभाव बरा, आणि पथकात ढोल. लग्नाच्या बायोडेट्यात 'छंद' या रकान्यात त्यानं 'ढोलवादन' लिहिलं होतं. आईनं ते खोडून 'वाचन' लिहिलं. त्यानंतर स्थळं येऊ लागली.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड असते. ओळखीच्या एका मंडळानं कावडीपुढं वाजवायला पथकाला बोलावलं. पथकाचं सामान टेम्पोतून पुढं गेलं, नायकाच्या ढोलाची मात्र दोरी बदलायची राहिली होती, म्हणून तो आणि ढोल रविवारी सकाळी अमरावतीच्या एसटी स्टँडवर उभे होते. सोबतीला मामा-मामी. त्यांची लेक अकोल्याला दिलेली, तिच्याकडं निघालेले.

कंडक्टरनं ढोलाकडं पाहिलं. ढोलानं मधली वाट अडवून धरली होती.

"हे काय आहे? डीजे तं नाही?"

"ढोल आहे."

"याले लगेज लागंल."

आता हिशेब असा झाला. मामांचं वय पासष्टच्या पुढं, म्हणून त्यांचं अर्धं तिकीट. महिलांना सगळीकडंच अर्धं, म्हणून मामींचं अर्धं. पैशाला पैसा मोजून गेला तो ढोलाचा. मामांनी तिकिटं हातात धरून दोनदा पाहिली आणि बडनेऱ्याच्या पुलापर्यंत काही बोलले नाहीत. मग बोलले: "तुह्या ढोलानं आज आमच्यापेक्षा जास्त पैसे भरले. आता मले सांग, याच्यातून भेटते काय?"

नायकानं पहिला प्रयत्न तांत्रिक बाजूनं केला. नव्यानं वेड लागलेला प्रत्येकजण हीच चूक करतो. ढोलाची एक बाजू टिपरूनं वाजते, दुसरी हाताच्या थापेनं. पूर्वी पान कातड्याचं असे, श्रावणाच्या ओलीत ते सैल पडे. म्हणून ताशा आधी जाळावर शेकायचा आणि मग वाजवायचा. आता पान फायबरचं आलं, पाऊस आला काय आणि गेला काय. शिवाय पथकात पुढारपण ताशाकडं. ताशा सांगतो आणि ढोल ऐकतात; ताशानं खूण दिली की शेवटच्या रांगेतल्या ढोलानंही त्याच क्षणी हात बदलायचा.

"म्हंजे दुसऱ्याचं ऐका लागते," मामा म्हणाले. "घरी तं आयकत नाही तू."

लोणीच्या पुढं रस्ता गुळगुळीत झाला. हा अमरावती-अकोला महामार्गाचा जगप्रसिद्ध तुकडा. जून 2022 मध्ये इथं डांबरी काँक्रीटची 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत, रात्रंदिवस न थांबता अंथरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा. आधी ज्या रस्त्यावर लोक पाठीचे मणके मोजत जात, तिथं एका आठवड्यात विक्रम झाला, हे वऱ्हाडाच्या स्वभावाला धरूनच झालं. नायकाला यात मुद्दा सापडला. या कामगारांना कोणी गिनीज बुकात जा म्हणून सांगितलं होतं का? पण एकदा वेग लागला की माणूस थांबत नाही!

"त्यायले मजुरी भेटत होती," मामा म्हणाले.

मग मोबाईल निघाला. पडद्यावर अमेरिकेतलं एक प्रचंड क्रीडांगण, त्यावर दीडशेच्या आसपास पोरंपोरी, ढोल आणि पितळी वाद्यं, बासरी-क्लॅरिनेटला मज्जाव. वाजवता वाजवता एका मिनिटात रांगांची वर्तुळं होतात, वर्तुळांच्या तिरप्या रेघा होतात, आणि कोणी कोणाला धडकत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात रोज ये-जा करणाऱ्या माणसाला हे शेवटचं विशेष वाटावं. याला तिकडं 'ड्रम कोर' म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी अशी पथकं उभी केली. पुढं 1971 साली 'ड्रम कोर इंटरनॅशनल' ही संस्था निघाली आणि 1972 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर या गावी तिची पहिली स्पर्धा झाली. खेळ जेमतेम दहा-बारा मिनिटांचा. त्यासाठी ही पोरं सगळा उन्हाळा गावोगाव बसनं हिंडतात, उन्हात सराव करतात आणि रात्री एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत फरशीवर झोपतात. विशी ओलांडली की लवकरच वयाच्या अटीनं बाहेर.

"किती देतेत त्यायले?" मामांनी विचारलं.

"देत नाहीत. घेतात. फी असते. काही हजार डॉलर."

मामांनी मनातल्या मनात रुपये केले. रुपयांचे बैल केले. "एवढ्यात तं दोन बैलजोड्या येतेत! पैसे देऊन वाजोतेत? अन् फरशीवर निजतेत? मायबाप काही म्हनत नाहीत?"

"मायबाप सोबत जातात. स्वयंपाकाला."

इतका वेळ खिडकीबाहेर पाहणाऱ्या मामी झटकन वळल्या. "हे पाय बाबू, मी काही तुमच्या चाळीस पोट्ट्यायच्या पोळ्या लाटाले येनार नाही. आताच सांगून ठेवते."

अमेरिकेतल्या पोरांनाही हेच सगळं समजावत बसावं लागतं, एवढं तरी नायकाला त्या व्हिडिओंवरून कळलं होतं. तिथले आजोबा विचारतात, म्हणजे मार्चिंग बँडच ना? आणि नातवाचा चेहरा पडतो. इकडं विचारतात, म्हणजे वरातीतलं ना?

या 'वरातीतलं ना' मध्ये मात्र एक जुनी गोष्ट दडली आहे, आणि पथकवाल्यांनी ती विसरू नये. वऱ्हाडातल्या गावांत डफडं आणि ताशा पिढ्यान्पिढ्या वाजवला तो गावकुसाबाहेरच्या माणसांनी, बलुत्याच्या धान्यावर आणि मानाशिवाय. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती गावकीची डफडी ठरवून खाली ठेवली. आज तोच ताशा पांढरा कुर्ता घालून गळ्यात घेतला की लोक मोबाईल काढतात. छंद म्हणून वाजवायची चैन ज्यांना परवडते, त्यांच्या हातात वाद्य आलं की त्याची प्रतिष्ठा वाढते. वाद्य तेच असतं. मामांना 'वाजवणं' या कामाबद्दल जी अढी होती, तिची मुळं इथंच कुठं तरी होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही आणि नायकानंही विचारली नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. इथून एकेकाळी शकुंतला सुटायची: एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची नॅरोगेज. कापूस वाहायला घातलेली ती गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. मामांचं बालपण या अचलपूर फाट्यावरच गेलं. "तिचा ठेका आयकला असता तं तुमचा ढोल ठेवून देला असता," ते म्हणाले आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर दोन बोटांनी तो वाजवून दाखवू लागले. शकुंतला आधी सावकाश निघाली, मग तिनं वेग घेतला, मग बहुधा चढ लागला, कारण ठेका जड झाला. पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवून पाहिलं. शकुंतला थांबली.

नायकानं संधी साधली. "मामा, हात चांगला आहे तुमचा."

"राहीन नाही तं काय?" मामी म्हणाल्या. "लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घर सोडून पळाले होते. खंजिरीच्या स्पर्धेत."

मामांनी खिडकी उघडली. पाऊस आत आला, तरी उघडीच ठेवली.

अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला खंजिरी समजावून सांगावी लागत नाही. यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभं केलं, गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं निघाली, आणि एका तळहातावर मावणाऱ्या त्या वाद्यावर लाखाची सभा गप्प बसवता येते हे विदर्भानं डोळ्यांनी पाहिलं. 1955 साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेतही महाराजांनी खंजिरीवर भजन केलं होतं. त्यानंतर कितीक पोरांनी शेतात डवरण टाकून खंजिरी धरली. मामा त्यांतलेच एक.

"ते भजन होतं," मामा म्हणाले.

"अन् भेटत काय होतं?" मामींनी विचारलं. हा प्रश्न विचारायला त्या चाळीस वर्षं थांबल्या असाव्यात.

बोरगाव मंजू येईपर्यंत मामांनी विषयाला नवं वळण दिलं होतं. भजन ही भक्ती, लेझीम हा व्यायाम, ढोल हा गोंगाट. व्यायामाच्या बाबतीत अमरावतीकराशी वाद घालू नये. 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करायला जर्मनीला गेला होता, आणि अमरावतीतल्या बऱ्याच घरांत ही गोष्ट आपलेच काका गेल्यासारखी सांगतात. गोंगाटाच्या बाबतीतही कायदा मामांच्या बाजूनं होता: निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा. एका ढोलाला ती टिपरू उचलताना ओलांडता येते. नायकाकडं उत्तर म्हणून एक निकाल होता. 2024 मध्ये हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं पथकात तीसच माणसं असावीत अशी अट घातली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऐन गणेशोत्सवात तिला स्थगिती दिली.

"म्हंजे तुमचं वेड दिल्लीपर्यंत गेलं," मामा म्हणाले. आवाजात थोडा आदर होता.

रविवारी संध्याकाळी लेकीच्या घरून सगळी गांधीग्रामला निघाली. मामी दर्शनाला, मामा 'उगाच'. अकोल्यापासून अठराएक किलोमीटरवर अकोट रस्त्याला पूर्णाकाठी हे गाव. 1944 च्या सुमाराला पाऊस रुसला, तेव्हा अकोल्यातल्या काही तरुणांनी इथून पूर्णेचं पाणी खांद्यावर नेऊन ग्रामदैवत राजराजेश्वराला अभिषेक केला आणि पाऊस आला, अशी या कावडीची कथा. तेव्हा मूठभर पोरं होती. आता मंडळामंडळांच्या कावडी असतात. लांब बांबूंना शेकडो भरण्या बांधतात, त्या पूर्णेच्या पाण्यानं भरतात, आणि खांदे बदलत, अनवाणी, रातोरात अकोल्याकडं चालत सुटतात. ज्याला 'भेटते काय' हा प्रश्न विचारायचा आहे त्यानं या गर्दीत तो विचारून पाहावा. "हर्र बोला महादेव" च्या आरोळीत तो ऐकूच जाणार नाही.

भरण्या भरल्या. ताशानं सुरुवात केली, ढोल मिळाले. मामा रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. मग घडी सुटली. मग ते पथकाच्या बाजूनं चालू लागले, आणि एका हाताची बोटं मांडीवर पडू लागली. पहिल्या विसाव्याला ते सरळ ताशा वाजवणाऱ्या पोराकडं गेले.

"तुहा दुसरा हात पळून ऱ्हायला."

"काय म्हणता काका?"

"पहिला बरोबर हाय. दुसरा घेतला का तू धावतं. अन् तू धावला का हे चाळीस मागून धावतेत. कावडीवाल्यायच्या खांद्यावर वजन हाय लेका, त्यायच्या पावलानं वाजव."

ताशावाल्यानं नायकाकडं पाहिलं. नायकानं नजर चुकवली. दुसऱ्या विसाव्याला मामांनी त्या पोराच्या काड्या मागून घेतल्या, ताशाच्या काठावर अगदी हळू वाजवून दाखवलं आणि परत दिल्या. तिसऱ्या विसाव्याला चार पोरं त्यांच्याभोवती बसली होती, आणि चपला कधीच मामींच्या पिशवीत गेल्या होत्या.

मामी रस्त्याच्या कडेला मोबाईल कानाला लावून ओरडत होत्या. "आयकू येते का वं? सोमवारचा उपास हाय सगळ्यायले, साबुदाना भिजू घाल. हाव. चाळीस मानसायचा. चाळीस म्हन्लं! आता पाय, तुह्या बापाले धरून एक्केचाळीस."