पेंग्विनदर्शन: साहित्य, विधी आणि फलश्रुती

अधिकार

पेंग्विन पाहण्याची इच्छा पुष्कळांना असते, अधिकार थोड्यांना. ज्याला गप्प उभं राहता येतं, ज्याचे हात खिशात राहू शकतात आणि 'अय्या, किती क्यूट!' हे वाक्य जो मनातल्या मनात म्हणू शकतो, त्यानेच हे व्रत घ्यावं. बाकीच्यांसाठी भायखळ्याची राणीची बाग आहे. तिथे 2016 साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन वातानुकूलित दालनात काचेआड राहतात. ती काच दोन्ही बाजूंचं रक्षण करते. उघड्यावरच्या पेंग्विनापुढे काच नसते. काचेचं काम दर्शनार्थ्याला स्वतः करावं लागतं. मधे असावं, पण असल्याचं जाणवू नये. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

स्थळ

पेंग्विन म्हणजे बर्फ, ही समजूत प्रथम काढून टाकावी. हम्बोल्टचं माहेर पेरू आणि चिलीचा किनारा. त्याचा चुलतभाऊ आफ्रिकन पेंग्विन नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भर उन्हात संसार करतो. त्याच्या डोळ्यांवर गुलाबी कातडी असते. ऊन वाढलं की तिथे रक्त जास्त वाहतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. तेव्हा सहलीसाठी घेतलेली माकडटोपी घरीच ठेवावी.

नवशिक्यांनी केप टाऊनजवळच्या सायमन्स टाऊनमधला बोल्डर्स बीच निवडावा. हे नौदलाचं गाव आहे. बंगले, बागा, मोटारी, सगळं व्यवस्थित. 1982च्या सुमारास इथे पेंग्विनांच्या दोन जोड्या कोणालाही न विचारता राहायला आल्या. पुढे फॉल्स बेमधली मोठ्या जाळ्यांची मासेमारी बंद झाली, पोटापाण्याची सोय झाली आणि दोन जोड्यांची हजारोंची वस्ती झाली. बागा तुडवल्या जातात, रात्री झोप लागत नाही, अशा तक्रारी रहिवाशांनी केल्या. अखेर कुंपण घातलं गेलं, लाकडी फळ्यांची पायवाट बांधली गेली. आज ही वस्ती टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानात मोडते. परदेशी पाहुण्यांना तिकीट जास्त पडतं. घासाघीस करू नये.

ज्यांना बर्फाशिवाय चैनच पडत नाही, त्यांनी अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीने अंटार्क्टिकाला जावं. वाटेत ड्रेक पॅसेज लागतो. तो दोन दिवस सर्व प्रकारचा अहंकार बाहेर काढतो. किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात, पेंग्विनापासून 5 मीटर दूर राहावं लागतं आणि एका ठिकाणी एका वेळी 100हून जास्त माणसं उतरू दिली जात नाहीत. बर्फात पेंग्विनांनी चालून चालून पाडलेल्या वाटा दिसतात. समोरून पेंग्विन आला तर आपण थांबायचं. तो हॉर्न देणार नाही.

मुहूर्त

पेंग्विन कामावर जाणारा प्राणी आहे. सकाळी समुद्रात जातो, दुपार कलली की परततो. ती परतीची वेळ उत्तम. टूर मॅनेजर 'तीस मिनिटं, मग बस केप पॉइंटला' म्हणतो, त्याला मुहूर्त म्हणत नाहीत. मात्र त्या तीस मिनिटांतली वीस प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली, तर दोष पेंग्विनांना देऊ नये.

साहित्य

दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली आणि सहनशील नाक. वस्तीचा वास सडक्या मासळीच्या जवळ जाणारा असतो आणि त्याला वाऱ्याची दिशा उत्तम कळते. चिवडा, भाकरवडी, ठेपले बसमध्येच ठेवावेत. नैवेद्य दाखवण्याची प्रथा इथे नाही.

विधी

1. फळ्यांच्या वाटेवर उभं राहून वस्ती नुसती पाहावी. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. हाच मुख्य कार्यक्रम आहे.

2. एखाद्या पेंग्विनाने मान वर करून गाढवासारखं ओरडायला सुरुवात केली, तर सोबतच्या मंडळींना आधी सावध केलेलं बरं. त्याला काही होत नाहीये, तो जोडीदाराशी किंवा शेजाऱ्याशी बोलतोय.

3. अंगावरची पिसं उसवलेल्या गादीसारखी दिसणारा पेंग्विन दिसला, तर 'बिचारा आजारी दिसतो' असं म्हणू नये. तो कात टाकावी तशी पिसं टाकतोय. जुनी पिसं जाऊन नवी येईपर्यंत अंग पाणी धरत असल्याने सुमारे तीन आठवडे त्याला समुद्रात जाता येत नाही. समुद्र नाही म्हणजे मासे नाहीत. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर तो दिवस काढतो. उपवास त्याचा खरा आहे. त्यात साबुदाण्याची सोय नाही.

4. वाळूत अर्धवट पुरलेली घरटी दिसतील. ती माणसांनी करून दिलेली आहेत. पूर्वी पेंग्विन आपल्याच शिटाच्या जाड थरात बिळं करून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात तो थर खत म्हणून बेटांवरून खरवडून विकण्यात आला. तेव्हा ज्यांनी जमीन नेली त्यांच्या पणतवंडांनी आता घरकुल योजना काढली आहे, एवढं मनात नोंदवावं आणि पुढे सरकावं.

5. परत निघताना, गाडी सुरू करण्यापूर्वी, वाकून गाडीखाली पाहावं. तशा सूचनेची पाटी तिथे लावलेली आहे. सावली शोधत पेंग्विन चाकांजवळ येऊन बसतात. ज्यांची कमर वाकत नाही त्यांनी वाकणारा माणूस सोबत न्यावा.

निषेध

हात लावू नये. चोच कात्रीसारखी चालते आणि ती बोटांचं वय विचारत नाही. पाठीमागे धावू नये. 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणून टाळ्या वाजवू नयेत. पेंग्विनाने आपल्याकडे पाहिलं तर दर्शन सफल झालं, असं अनेकांना वाटतं. ते उलट आहे. त्याने पाहिलं म्हणजे काच तडकली. अंड्यावर बसलेला पेंग्विन उठून गेला, तर अंडं उचलायला कुरव पक्षी टपून असतो. त्याला फोटो नको असतो.

दूरस्थ दर्शन

दुरून पाहण्याचा उच्चांक 2000 सालचा आहे. त्या जूनमध्ये 'ट्रेझर' नावाचं जहाज केप टाऊनजवळ बुडालं आणि तेल पसरलं. तेलात माखलेले सुमारे 19,000 पेंग्विन स्वयंसेवकांनी धुऊन काढले. न माखलेल्यांपैकी सुमारे 19,500 पकडून पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. हेतू असा, की ते पोहत घरी येईपर्यंत इकडे तेल साफ व्हावं. पीटर, पामेला आणि पर्सी अशा तिघांवर उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले होते. शेकडो किलोमीटरचा त्यांचा परतीचा प्रवास लोकांनी घरबसल्या पाहिला. तिघांपैकी कोणालाही टाळ्या ऐकू गेल्या नाहीत. आदर्श दर्शन ते हेच.

उद्यापन

घरी परतल्यावर ताटातल्या मासळीकडे एकदा पाहावं. आफ्रिकन पेंग्विन जगतो तो तारली आणि मांदेलीच्या जातकुळीतल्या माशांवर. तेच मासे मोठ्या बोटींनाही हवे असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखांनी मोजले जाणारे हे पक्षी आता 10,000 जोड्यांच्याही खाली आले आहेत. खत नेलं, 1960च्या दशकापर्यंत अंडी खाल्ली, मग मासे. ऑक्टोबर 2024मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरली. पक्षीप्रेमी संस्था कोर्टात गेल्या आणि मार्च 2025मध्ये तडजोड झाली: सहा वसाहतींभोवती दहा वर्षं तारली-मांदेलीची व्यापारी मासेमारी बंद. दोनाचे हजार कसे होतात, हे फॉल्स बेने आधीच दाखवलं होतं. फक्त तिकडे कोणी दुर्बीण लावली नव्हती.

फलश्रुती

हे व्रत जो यथासांग करील, त्याच्या मोबाइलमध्ये पुष्कळसे पाठमोरे पेंग्विन जमा होतील. सोसायटीत कौतुक होणार नाही. 'आम्ही भायखळ्याला पाहिलेत, एसीत' असं ऐकावं लागेल. कपड्यांचा वास दोन धुण्यांनंतर जाईल. दुर्बीण नसल्यास नुसत्या डोळ्यांनी, केप टाऊन न जमल्यास चिलीत आणि संध्याकाळ हुकल्यास सकाळी केलं तरी फळ तेवढंच मिळतं. आपल्या पूजेत एखादी वस्तू नसली की तिच्या जागी सुपारी मांडता येते. इथे पेंग्विन नसल्यास सुपारी चालत नाही.