तीस हजारांची वारी

बँकेला फुकटचे पैसे देणारी माणसं मला आवडत नाहीत. आमच्या घरात तो माणूस बहुधा मीच असतो, ही गोष्ट वेगळी.

माझी बचत खाती तीन. पहिलं जुन्या नोकरीचं. पगार येत होता तोवर ते शून्य शिलकीवरही गुण्यागोविंदाने नांदलं. नोकरी सुटली, पगार थांबला आणि काही महिन्यांत बँकेने त्याचं साधं बचत खातं करून टाकलं. आता दरमहा सरासरी 10,000 शिल्लक हवी, नाहीतर दंड, आणि दंडावर 18 टक्के जीएसटी. दुसरं खातं व्याजापायी उघडलं, तिसरं एका कार्डापायी. अटी तिन्हींच्या सारख्याच.

अशा वेळी साधा माणूस दोन खाती बंद करतो. मी वही काढली. सरासरी म्हणजे काय? रोजची दिवसअखेरची शिल्लक मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. म्हणजे तीस हजार नुसते दहा दिवस ठेवले तरी सरासरी दहा हजारच! झालं, तीस हजारांची वारी निघाली. 1 ते 10 पहिल्या खात्यात मुक्काम, 11 ते 20 दुसऱ्या, पुढे तिसऱ्या. ऑनलाइन एनईएफटीला बचत खातेदारांना 2020 पासून शुल्क नाही, त्यामुळे वाटखर्च शून्य. मोबाईलवर गजर लावले. शेजाऱ्यांना वाटायचं, मी औषधं घेतो.

कार्डांचीही आखणी केली. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात महिन्याला 3 व्यवहार फुकट, इतरत्र 5. आणि या हिशोबातली महानगरं सहाच. त्यांत मुंबई आहे, पुणं नाही! पुणेकर म्हणून हा अपमान, खातेदार म्हणून दोन व्यवहारांचा फायदा. मी अपमान गिळला आणि फायदा घेतला. मुंबईत मात्र कुठल्या कार्डाचे किती व्यवहार झाले याचा गोंधळ उडाला. म्हणून दादरला पैसे काढण्याआधी सावधगिरीने शिल्लक तपासली. शिल्लक तपासणं हाही व्यवहारच असतो. पुढच्या व्यवहाराला 23 रुपये, वर जीएसटी. एकूण 27 रुपये 14 पैसे. सत्तावीस रुपयांचं काही नाही, ते 14 पैसे फार लागले.

मग जुलै आला, 31 दिवसांचा. दहा दिवसांच्या मुक्कामाची सरासरी भरली 9,677, आणि दोन खात्यांना दंड बसला. बायकोने वही चाळली.

"अहो, पैसे तीस हजारच ना? मग तिन्ही खात्यांत दहा-दहा टाकून गप्प बसला असतात तर?"

"अगं, पैसा फिरता हवा."

"आणि दंड?"

"तो जुलैमुळे."

तिसरं खातं तरी बंद करावं म्हणून बँकेत गेलो. कळलं की वर्षाच्या आत बंद केलं तर त्याचंही शुल्क आहे. तेव्हा वारी तूर्त चालूच आहे. माझी सगळी भिस्त आता फेब्रुवारीवर. 28 दिवसांच्या महिन्यात दहा दिवसांच्या मुक्कामाची सरासरी चक्क 10,714! मग तिसऱ्या खात्याला आठच दिवस उरतात, असं बायकोचं म्हणणं. तिला अर्थकारण कळत नाही. ती नुसता भागाकार करते.