कुंदा घेऊन रणात

आमच्या निपाणीत लाकडाची वखार म्हटली की कच्छी पटेल डोळ्यांसमोर येतो. आमच्या गल्लीतले पटेलशेठ तर इथेच वाढलेले. त्यांची मराठी माझ्यापेक्षा अस्सल. कच्छचे रण बघायला चाललोय म्हटल्यावर ते म्हणाले, "तिथं काय हाय ओ? मीठ हाय. ते हितं किराणा दुकानात बी मिळतंय."

तरी निघालो. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून बेळगावचा दोन किलो कुंदा घेतला आणि मुंबईहून कच्छ एक्सप्रेस धरली.

भुजहून उत्तरेला भिरंडियारा लागते. पांढऱ्या रणात जायचा परवाना तिथे घ्यायचा. गाव प्रसिद्ध कशासाठी, तर माव्यासाठी. कुंदा तरी काय, लालसर होईपर्यंत परतलेला खवाच. म्हणजे खव्याच्या माहेरी मी खवाच घेऊन आलो होतो. बायको एवढेच म्हणाली, "हा डबा मी परत निपाणीला नेणार नाही."

परवान्याच्या कागदावर राज्य लिहिले, कर्नाटक. टेबलामागच्या माणसाने वर पाहिले. "बोलते तो मराठी हो!" सीमाभागातल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, मुंबई राज्यातला आमचा बेळगाव जिल्हा म्हैसूरला, म्हणजे आताच्या कर्नाटकाला जोडला, वगैरे. सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला. त्याच दिवशी कच्छ मुंबई राज्यात आले होते! आम्ही मागच्या दाराने बाहेर आणि कच्छ पुढच्या दाराने आत. 1 मे 1960 ला गुजरात होईपर्यंत रणातला उंट मुंबई राज्याचा होता आणि निपाणीची तंबाखू म्हैसूरची. त्या माणसाने शिक्का मारला. मागे रांग होती.

सीमेचे भांडण रणालाही चुकलेले नाही. 1965 मध्ये इथे भारत-पाकिस्तानची चकमक झाली, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि फेब्रुवारी 1968 मध्ये निकालही लागला. जवळजवळ नव्वद टक्के रण भारताकडे राहिले. आमच्यासाठी 1966 मध्ये महाजन आयोग बसला. पुढच्या वर्षी अहवाल आला. निपाणी महाराष्ट्राला द्यावी, बेळगाव नको, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो मानला नाही आणि 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. (रणाजवळच्या सर क्रीक खाडीचा चिखल मात्र त्या दोन देशांनाही अजून वाटून घेता आलेला नाही. तेवढाच आम्हाला दिलासा.)

रण बघून झाले. पावसाळ्यात समुद्राचे पाणी आत घुसते, नद्यांचे येऊन मिळते, मग सगळे आटते आणि मीठ उरते. पायाखाली पापड मोडल्यासारखे वाजते. पटेलशेठ अगदीच चुकले नव्हते.

खरी गंमत रणाच्या अलीकडच्या बन्नी नावाच्या पट्ट्यात. इथे मालधारी राहतात. माल म्हणजे गुरे. ज्याच्याकडे ती, तो मालधारी. आपण नाही का पशुधन म्हणत, तसेच. हालेपोत्रा, मुतवा, जत अशा त्यांच्या जमाती. जत ऐकून माझे कान टवकारले, कारण सांगलीतल्या जतच्या काही गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितलेला मी वाचला होता. सवय, दुसरे काय!

गवताच्या या मुलखात एक काटेरी झाड बोकाळले आहे. तिथे त्याला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. आपणही वेडी बाभूळच म्हणतो. कन्नडमध्ये मात्र ती बळ्ळारी जाली. वेडेपणा बळ्ळारीच्या नावावर घालून ते मोकळे.

एका गोल भुंग्यात चहा झाला. भुंगा म्हणजे मातीच्या भिंतींचे, शंकूसारख्या छपराचे घर. आतल्या भिंतीवर मातीची नक्षी आणि तिच्यात जडवलेले आरशाचे तुकडे. घरातल्या म्हाताऱ्या चाचांना मी पुन्हा सीमाप्रश्न सांगू लागलो. त्यांनी मधेच विचारले, "तुमच्याकडे म्हशी काय खातात?"

"कडबा. उसाचं वाडं."

"आणि रात्री?"

"रात्री गोठ्यात. दाव्याला."

चाचा गप्प झाले. मग कच्छीत काहीतरी म्हणाले आणि सगळे घर हसले. नातवाने हिंदीत उलगडा केला. बन्नीची म्हैस रात्री आपली आपण चरायला जाते आणि पहाटे दूध द्यायला आपली आपण घरी येते. म्हशीला रात्री बांधून घालणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

हसे झाकावे म्हणून मी कुंद्याचा डबा उघडला. चाचांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ घोळवला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मावा अच्छा है. लेकिन जला दिया."

डबा मात्र रिकामाच परत आला.