रायर आणि रास्त भाव

तंजावरच्या मुलखात मराठी घरातल्या कर्त्या पुरुषाला तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात. स्वामीमलैचे आमचे रायर म्हणजे मावशीचे दीर. बँकेतून निवृत्त, मतांनी पुरोगामी आणि मत मागितलं नसलं तरी हातचं न राखणारे. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने छाती फुगवून तंजावरच्या भोसल्यांचा विषय काढला, की रायर चष्मा पुसत विचारतात, “निवडून आले होते का?” पाहुणा तिथेच आडवा.

रायरांचे आजोबा मिरासदार. कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. १९६१च्या कायद्याने जमिनीला तीस प्रमाण एकरांची मर्यादा आली, १९७०मध्ये ती पंधरावर उतरली, आणि आजोबांनी अंथरूण धरलं. रायर त्या कायद्याचे कट्टर समर्थक. “आजोबांचं वाईट झालं, पण तत्त्व बरोबर होतं,” असं म्हणतात. तोवर रायरांना बँकेची नोकरी लागलेली होती, हे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून सांगतात. मात्र कीळवेण्मणीचं नाव निघालं की रायर गप्प होतात. मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर २५ डिसेंबर १९६८च्या रात्री हल्ला झाला आणि एका झोपडीत ४४ दलित जळाले. बहुतेक बायका-मुलं. तो याच जुन्या तंजावर जिल्ह्यातला प्रकार. त्यांच्या बडबडीच्या तळाशी हे आहे, म्हणून मी त्यांना सगळं माफ करतो. जवळजवळ सगळं.

स्वामीमलैच्या स्वामिनाथाच्या, म्हणजे मुरुगनाच्या, देवळाला साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या नावांच्या. रायर स्वतःला नास्तिक म्हणवतात, चढतात ते गुडघ्यांच्या व्यायामासाठी. हा व्यायाम नेमका मुरुगनाच्या कृत्तिका नक्षत्रालाच होतो. पहिल्या, प्रभव संवत्सराच्या पायरीवर त्यांच्या व्याख्यानाला निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीपासून सुरुवात होते. पुढे १९८५मध्ये इस्टेट ड्यूटी गेली, २०१५मध्ये संपत्तीकर गेला, आणि आता श्रीमंताने मरावं तरी सरकारला काही मिळत नाही, इथवर येता येता धाप लागते. शेवटच्या पायरीवर नेतृत्व. इथे मुरुगनाने प्रत्यक्ष शंकराला ओंकाराचा अर्थ सांगितला आणि बापाने शिष्य होऊन तो ऐकला, अशी कथा आहे. “देशाचा नेता असा पाहिजे,” रायर म्हणतात, “खाली बसून ऐकणारा!” हे ते उभ्याने, दुसऱ्या कोणालाही तोंड उघडू न देता सांगतात.

व्यक्तिपूजेवर त्यांचा विशेष राग. २०२३च्या जी-२०साठी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर सत्तावीस फुटी नटराज उभा राहिला, तो स्वामीमलैच्या स्थपतींच्या, म्हणजे मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांच्या, हातचा. “फोटो कोणाचे छापून आले? आणि घडवणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?” रायर कडाडले. मी नाव विचारलं. त्यांना आठवेना. राधाकृष्णन, श्रीकंद आणि स्वामिनाथ हे स्थपती बंधू, असं मीच सांगितलं. “व्यक्ती महत्त्वाची नसते,” ते म्हणाले, “वर्ग महत्त्वाचा.”

पण रायर खरे पाहावेत ते मूर्ती विकत घेताना. म्हणजे न घेताना. त्यांना वीतभर उंचीचा पंचधातूचा गणपती घ्यायचा आहे, फार वर्षांपासून. मी बरोबर गेलो तेव्हा स्थपती नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालत होते. मूर्तीच्या उंचीची ती पट्टी, तिच्या घड्यांवरून तोंड किती, पोट किती, गुडघा कुठे ते ठरतं. बाजूला मेण आणि राळेचा वास. कोपऱ्यात कावेरीच्या गाळाच्या मातीत लिंपून तारांनी आवळलेले साचे वाळत होते. मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू ओततात आणि मग साचा फोडतात, त्यामुळे एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. दाराशी एक पोरगा ओतीव मूर्तीवर कानस मारत बसला होता.

स्थपतींनी किंमत सांगितली. इथे कोणीही घासाघीस करील. रायरही करतात, उलट्या दिशेने.

“इतकी कमी?”

“कमी कुठे, सार?”

“मेण घडवणाऱ्याला यातले किती? माती लिंपणाऱ्याला? या पोराला?”

“सगळ्यांना मिळतात, सार.”

“मिळतात म्हणजे? नफ्यात वाटा आहे का?”

पोराने कानस खाली ठेवली आणि कान टवकारले. त्याची मजुरी नगावर. रायर त्याच्या हक्कांवर बोलत होते तेवढा वेळ त्याचा नग तसूभर पुढे सरकला नाही. शेवटी रायरांनी जाहीर केलं, “असल्या अन्यायाच्या भावाने मी मूर्ती घेणार नाही.”

“मग जास्त द्या, सार,” स्थपती म्हणाले.

रायरांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “एकट्याने जास्त देऊन व्यवस्था बदलत नसते.”

आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो. मागे कानस पुन्हा सुरू झाली.

२०२४ची लोकसभा. स्वामीमलैचा मतदारसंघ मयिलाडुतुरै, मतदान १९ एप्रिलला. रायर पहाटेच रांगेत. निकालात त्यांच्या आघाडीने राज्यातल्या ३९च्या ३९ जागा जिंकल्या. अभिनंदनाला फोन केला तर आवाज सुतकी. “निम्म्याहून कमी मतं आणि सगळ्या जागा! हा न्याय आहे? प्रमाणशीर प्रतिनिधित्व पाहिजे.” जिंकून इतका दुःखी झालेला मतदार मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे ऑगस्टात आमच्याकडे महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार बायकांच्या खात्यात पडू लागले, तेव्हा मात्र त्यांचाच फोन आला, एकदम खुशीत. “काय पुणेकर, फुकट्यांचं राज्य ना आमचं? आमचे हजार, तुमचे दीड हजार!” तमिळनाडूत बायकांना दरमहा मिळणाऱ्या त्या हजारात काकू बसत नाहीत, रायरांची पेन्शन आडवी येते. तेव्हापासून कल्याणयोजना सरसकट सर्वांसाठी असावी, असं रायरांचं ठाम तात्त्विक मत झालं आहे.

एक योजना खरोखर सरसकट आहे: साध्या शहर बसमधून बायकांना तिकीट नाही, मे २०२१पासून. पूर्वी कुंभकोणमला जायचं तर काकू तिकिटाचे पैसे मागत, आणि पैशांबरोबर कारणही सांगावं लागे. आता विचारतच नाहीत, पिशवी घेतात आणि निघतात. चार वाजताची डिग्री कॉफी रायरांना हाताने करून घ्यावी लागते, आणि ती जमत नाही. योजनेला त्यांचा संपूर्ण पाठिंबा आहे, फक्त बसच्या वेळापत्रकाविषयी काही सूचना आहेत.

तेव्हा स्वामीमलैला जाणार असाल तर मूर्ती आधी घ्या, कानस मारणाऱ्या पोराच्या हातावर वर काही ठेवा, आणि रायरांकडे नंतर जा. कॉफी हवी असेल, तर काकूंची बस कितीला परत येते ते आधी विचारून घ्या.