भूत बघून हसायचं कसं? नांदेड-लातूरच्या नवशिक्यांसाठी

साहित्य: एक अंधारी खोली, एक चित्रपट, पातेलंभर सुशीला आणि भुतावर मनापासून विश्वास असलेली एक आजी. आजी मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नये. स्वतःची नसली तर शेजारची चालेल.

आजी कशाला, असं नवशिके विचारतात. भुताची टिंगल करायची तर खोलीत निदान एका माणसाला भूत खरं वाटलं पाहिजे, नाहीतर पडद्यावर नुसती पांढऱ्या चादरीतली माणसं पळताना दिसतात. अमेरिकेत मेल ब्रुक्सला हे बरोबर कळलं होतं. 1974 साली त्यानं 'यंग फ्रँकन्स्टाईन' काढला तेव्हा 1931 च्या मूळ 'फ्रँकन्स्टाईन'मधली प्रयोगशाळेची यंत्रं ज्या केनेथ स्ट्रिकफाडेननं बनवली होती, त्याच्याकडूनच ती मिळवली आणि चित्रपट मुद्दाम काळ्या-पांढऱ्यात काढला. जुन्या भयपटाची थट्टा करायची, तीही त्याच्याच सामानानं. आपल्याकडं असलं सामान सांभाळून ठेवणारं माणूस म्हणजे आजी. मुंजा पिंपळावर, आसरा विहिरीत, चकवा रात्रीच्या शिवारात, वेताळ अमावस्येला, असा सगळा पत्ता तिला पाठ असतो.

आता चित्रपट निवडा. सचिन पिळगावकरांचा 'भुताचा भाऊ' (1989) आहे, महेश कोठारेंचा 'पछाडलेला' (2004) आहे. पण नवशिक्यानं सुरुवात कोठारेंच्याच 'झपाटलेला'पासून (1993) करावी. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, पोलिसांची गोळी लागल्यावर मरता मरता आपला जीव एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला येऊन पडतो बिचाऱ्या लक्ष्याच्या पदरात. बाहुला केला अर्धवटरावांना सांभाळणाऱ्या रामदास पाध्यांनी. तात्या झाले दिलीप प्रभावळकर. याच प्रभावळकरांनी 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले. आमच्या वर्गातल्या एका पोरानं तेव्हाही सांगितलं होतं की गांधीजी बोलायला लागले की आपला हात आपोआप उशीखाली बॅटरी शोधतो.

तात्याच्या साथीदाराचं नाव कुबड्या खवीस. शहरातल्या प्रेक्षकाला हे नाव गमतीचं वाटतं. माझ्या आजीला ती माहिती वाटली. ती एकदम सावरून बसली आणि म्हणाली, "खवीस हाय तर दिवसाढवळ्या कसा फिरूलालाय?" आम्ही हसलो. ती हसली नाही. मग आमचंही हसू जरा पातळ झालं. आजी साहित्यात का लागते ते आता कळलं असेल.

बसायची जागा हा पुढचा मुद्दा, आणि इथं घाई करू नका. मी 'झपाटलेला' पहिल्यांदा पाहिला तो 1994 च्या गणपतीत, नांदेडला आमच्या गल्लीत, दोन खांबांना ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. पुढची जागा मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या घरच्यांनी दुपारीच सतरंज्या टाकून धरलेली. आम्ही उरलेले पडद्याच्या मागं. मागून चित्रपट पूर्ण दिसतो, फक्त उलटा. नावं उलटी, इन्स्पेक्टरचं पिस्तूल डाव्या हातात, आणि वारा आला की तात्या विंचूचं तोंड फुगून आमच्याकडं येतं. समोरच्यांना हा शेवटचा परिणाम मिळत नाही. 'यंग फ्रँकन्स्टाईन'मध्ये इगोरचं कुबड एका दृश्यात एका खांद्यावर असतं आणि दुसऱ्या दृश्यात दुसऱ्या, आणि त्याचं लोकांना केवढं कौतुक. आमच्या गल्लीत पडद्याला वळसा घातला की कुणाचंही कुबड फुकटात या खांद्यावरून त्या खांद्यावर जायचं.

हसायचं नेमकं कुणाला, याचा नियम मात्र एकच आहे आणि तो जुना आहे. 1948 साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीनं फ्रँकन्स्टाईनच्या राक्षसाची गाठ घेतली. त्यात ड्रॅक्युला व्हायला खुद्द बेला लुगोसी आला, ज्यानं 1931 चा ड्रॅक्युला गाजवला होता. सगळं चित्रपटभर तो गंभीर आहे. वेड्यासारखं करायचं ते माणसांनी. भुतानं आपलं काम इमानदारीनं करायचं. तात्या विंचू नेमकं हेच करतो. तो आपल्याला हसवायला आलेलाच नाही. हातभर बाहुल्यात अडकल्याचा त्याला खरोखर संताप आहे आणि त्याला त्यातून बाहेर पडायचंय. इकडं लक्ष्या घाम पुसत खरं सांगतो आणि कुणी ऐकत नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो चेहरा, रडू आणि हसू एकाच ओठावर आलेला, तिथं हसा. भुताकडं बघून हसलात तर चुकलात. त्यानं पाहिलं तर?

एका ठिकाणी हसू नका. वाड्याच्या छतातून माती गळते, तुळई करकरते, असे आवाज या चित्रपटांत हमखास येतात. आमच्या आजोळी, औसा तालुक्यात, माळवदाचं घर होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर हात-दीड हात माती. रात्री वरून चिमूटभर माती अंथरुणावर पडली की मामा म्हणायचा, "मुंजा पाय झटकूलालाय," आणि आम्ही पोरं गोधडीत शिरून खिदळायचो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जी माती आम्ही मुंज्याच्या नावावर लिहीत होतो, तिच्याच वजनाखाली गावंच्या गावं झोपेत गेली. पुढं कित्येक महिने माणसं घर उभं असूनही पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. त्या वर्षानंतर मामानं मुंज्याचं नाव काढलं नाही. वरून माती पडली की तो काही न बोलता उठायचा आणि सगळ्यांना अंगणात काढायचा. आजही 'पछाडलेला'तला इनामदार भुसनाळेचा वाडा करकरला की लातूरकडचे पाव्हणे भुताकडं बघत नाहीत, छताकडं बघतात. अशा वेळी सुशीलेचं पातेलं त्यांच्याकडं सरकवावं आणि गप्प बसावं.

पुढं चला. केबल आली तेव्हा नवशिक्यांचा एक घोटाळा हमखास व्हायचा, तोही समजून घ्या. इंग्रजी वाहिनीवर चकी नावाचा बाहुला सुरा घेऊन पळताना दिसला आणि आमच्या गल्लीनं एकमतानं निकाल दिला: "तात्या विंचूची नक्कल मारूलालेत." चकीचा 'चाईल्ड्स प्ले' 1988 चा, म्हणजे तात्याच्या पाच वर्षं आधीचा. पण आमच्याकडं विडंबन आधी पोचलं आणि मूळ भयपट मागून आला, त्यामुळं मूळच पोरकं ठरलं. चकी आम्हाला फिका वाटला. मंत्र त्याच्याकडंही होता, पण बाबा चमत्कार नव्हता. मी दोन्ही पुन्हा पाहिलेत आणि माझं मत आजही गल्लीच्या बाजूनंच आहे. 'झपाटलेला' हिंदीत 'खिलौना बना खलनायक' म्हणून गेला. 2013 ला दुसरा भाग चष्मा लावून थ्रीडीत आला. बाहुला अंगावर येतो म्हणे. पडद्यामागं बसलेल्यांना त्याचं काय नवल?

लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहणाऱ्या पोरांना वेगळी सूचना. टेस्टच्या आदल्या रात्री मोबाईलवर हा चित्रपट बघू नये. इअरफोन लावून चौघांनी एकदम ओरडलं की घरमालक वर येतो, आणि अंधाऱ्या जिन्यात बॅटरी हनुवटीखाली धरून आलेला घरमालक हा या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा विषय आहे.

चित्रपट संपला की लगेच परसाकडं जाऊ नका. आधी जाऊन घ्या, नाहीतर आजीला उठवा.

राहिली बाहुली. आमच्या घरात बहिणीची एक होती, हैदराबादहून आणलेली, आडवी केली की डोळे मिटणारी. तिचा एक डोळा बिघडून अर्धाच मिटायचा. तुमच्याकडं असली बाहुली असेल तर टाकून देऊ नका, टाकलेली परत येते असं आजीचं म्हणणं. शोकेसमध्येच असू द्या, फक्त तोंड भिंतीकडं करा. आमची 1994 पासून तशीच आहे.