मोजदाद चालू आहे

सलग आठ वेळा देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं इंदूर. २०२५ च्या डिसेंबरअखेर तिथे भागीरथपुऱ्यात नळाला गटार आलं आणि माणसं दगावली. पोलीस चौकीच्या संडासाखालून पाण्याची मुख्य लाइन गेलेली, तीही गळकी. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला नगरविकास मंत्री कैलास विजयवर्गीय यांनी कॅमेऱ्यासमोर असा शब्द ऐकवला, की मागाहून खेद व्यक्त करावा लागला. गृहस्थ इंदूरचेच माजी महापौर, म्हणजे पाइप कुठून जातात हे त्यांना आमच्यापेक्षा बरं ठाऊक.

ग्वाल्हेरच्या नया बाजारात यावर भांडण जुंपलं. पाइपवरून नव्हे हो, मेले किती यावरून! भाजपवाल्या काकांना सरकारी आकडाही जास्तच वाटतो, काँग्रेसवाल्या शेटजींना वस्तीतला आकडाही कमी पडतो.

मेलेले सोडा, जिवंत गरीब मोजायचीही आपल्याकडे हौस दांडगी. २०११ मध्ये नियोजन आयोगाने शहरात रोज ३२ रुपये खर्चणाऱ्याला गरिबीतून मुक्त केलं. २०१३ मध्ये काँग्रेसच्या राज बब्बर यांना मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण सापडलं. पत्ता मात्र दिला नाही. मग पाळी भाजपवाल्यांची. जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने सांगितलं, नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक गरिबीबाहेर पडले. त्याच महिन्यापासून ८१ कोटींना आणखी पाच वर्षं फुकट धान्य सुरू! बाहेर पडलेले थेट रेशनच्या रांगेत निघाले असावेत.

आता परत पाण्याकडे, ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर भागात. तिघरा धरणाचं पाणी मोतीझीलच्या केंद्रात शुद्ध होतं, यात वाद नाही. पण उन्हाळ्यात धरण आटलं की पाणी एक दिवसाआड. मधल्या दिवशी पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप गळका असला की शेजारच्या नालीतलं आत ओढतो. त्यात घरोघरी टुल्लू पंप, म्हणजे ओढायला आणखी जोर. म्हणून पहिली बादली मोरीत आणि नळाला मलमलचं फडकं. आमच्या गल्लीचं आरोग्य खातं ते एवढंच.

या सगळ्यात बरकत एकाच पक्षाची, जारवाल्याची. वीस लिटरचा गार जार तो काकांच्याही दुकानात टाकतो, शेटजींच्याही. घसा कोरडा पडला की दोघं त्यातलंच पितात. जार कुठे भरतो, हे त्याला दोघांनीही अजून विचारलेलं नाही.