घरच्या घरी स्पोर्ट्स कारला मोठी टाकी: यवतमाळकरांसाठी सोपी कृती

यवतमाळ जिल्ह्यात स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याची खरी अडचण म्हणजे पेट्रोलची लहान टाकी, असे या मार्गदर्शिकेत गृहीत धरले आहे. गतिरोधक, डांबरावर वाळत घातलेले सोयाबीन, भर रस्त्यात रवंथ करत बसलेली जनावरे आणि पावसाळ्यानंतर जो काही रस्ता उरतो तो, या बाबी किरकोळ आहेत. त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका काढावी लागेल.

गाडीची निवड

फेरारी असल्यास पुढे वाचू नये. २००२ साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शुमाकरच्या हस्ते सचिन तेंडुलकरला जी ३६० मोडेना मिळाली, तिची टाकी कंपनीतूनच ९५ लिटरची होती. तिच्यावरच्या १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्काची माफी देशभर गाजली, प्रकरण कोर्टात गेले, शेवटी पैसे फियाटने भरले. टाकीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मोठ्या टाकीने माणूस किती वादांतून वाचतो, हे यावरून लक्षात यावे.

पुण्याच्या दिलीप छाब्रियांची डीसी अवंती दारात असेल तर अभिनंदन. पण तिचे इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीशी असते, तेव्हा तिथे पाना घालण्याआधी घरच्यांची परवानगी काढावी. आपल्या कामाची गाडी म्हणजे गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. दोन माणसांची जागा, उघडा टप, फायबरचे अंग आणि रेनॉचे १,१४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. साठ अश्वशक्तीला कोणी हसू नये. आपले रस्ते त्यातली निम्मी तिसऱ्या गिअरच्या वर जाऊच देत नाहीत.

काही वाचक म्हणतील की जिल्ह्याची खरी स्पोर्ट्स गाडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत धावते. मुद्दा रास्त आहे. २०१४ च्या बंदीपासून १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत तिने जेवढ्या सुनावण्या पाहिल्या, तेवढ्या एखाद्या मोटारीने पाहिल्या नसतील. पण ढेप आणि कुटारावर चालणाऱ्या त्या जोडीची टाकी वाढवायला कोणी जात नाही. पटाच्या सकाळी बैलाचे पोट हलके ठेवायचे असते, हे पटवाल्याला कोणत्याही मार्गदर्शिकेतून शिकावे लागत नाही. मोटार बोलत नाही, म्हणून तिच्यावर प्रयोग करता येतात.

गरज सिद्ध करणे

हा भाग घरच्या मंडळींसाठी आहे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, आणि वाटेत पंपांची रांग. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो, तिथेही ट्रकवाल्यांच्या कृपेने पंपांना तोटा नाही. तेव्हा जिल्ह्यातले अंतर पुढे करून उपयोग नाही. समृद्धी महामार्ग पुढे करावा. तो यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही, पण धामणगावला जाऊन त्यावर चढता येते. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आणि ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेतल्या सोयींची झालेली ओरड, एवढे भांडवल पुरेसे आहे.

त्यानेही भागले नाही तर इथेनॉल काढावे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे तीच टाकी भरली तरी गाडी आधीपेक्षा कमी जाते. पूर्ण टाकीमागे हा फरक सहा-सात टक्क्यांचा पडतो, पण सांगताना टक्के सांगू नयेत. "सरकारनंच टाकी लहान केली," एवढेच सांगावे. घरात राजकारण सुरू होते आणि मूळ विषय मंजूर होतो.

टाकी किती मोठी?

सव्वा फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच डबी केली की तिच्यात ५५ लिटर मावतात. इंचभर वाढवली तर ७० च्या जवळ जाते. या इंचाचा मोह आवरावा. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलो धरले तर ५५ लिटर म्हणजे ४१ किलो, त्यात पत्रा आणि पट्ट्या आल्या. हा बोजा मागच्या चाकांच्या मागे टांगला तर नाक हलके होऊन गाडी वळणावर शेपूट टाकते. म्हणून टाकी मागच्या आसाच्या पुढे, खाली आणि मध्यावर हवी. स्टॉर्ममध्ये त्या जागी चालवणारा बसतो. मग उरते डिकी. तिथे टाकी बसते, पण मग बॅग बसत नाही. नऊशे किलोमीटर न थांबता जाऊ शकणारी, आणि मुक्कामी पोचल्यावर बदलायला कपडे नसलेली गाडी तयार होते. हौसेला मोल नसते.

ज्यांना टाकी न वाढवता टाकी वाढवायची आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या स्मोकी युनिक या मिस्त्रीचे उदाहरण आहे. नॅसकार मोटारशर्यतींच्या नियमात टाकीचे माप ठरलेले होते, तिच्यापासून इंजिनापर्यंतच्या पाइपाचे नव्हते. तेव्हा या गृहस्थाने अकरा फूट लांब आणि दोन इंच व्यासाचा पाइप वेटोळे करून बसवला आणि त्यात पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर जास्तीचे पेट्रोल ठेवले, असे सांगतात. वहीवर हिशेब मांडला तर त्या मापाच्या पाइपात सात लिटरही मावत नाहीत. पण युनिकच्या चाहत्यांपुढे वही उघडण्यात अर्थ नाही.

पोर्शेने ९११ च्या काही मॉडेलना ६४ लिटरऐवजी ९० लिटरची टाकी मागेल त्याला दिली. तिथल्या इंजिनिअरांकडे अंगण नसल्यामुळे त्यांना हे सगळे कारखान्यात करावे लागले.

जुनी टाकी काढणे

इथे सावकाश जाऊ, कारण इथेच बहुतेक मार्गदर्शिका आणि काही मार्गदर्शक संपतात.

बॅटरीची तार आधी सोडावी. पेट्रोल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढू नये, चव आठवडाभर जात नाही आणि थेंब फुप्फुसात गेला तर गाठ डॉक्टरशी. हातपंप घ्यावा. काढलेले पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत न ठेवता झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. सासऱ्यांच्या घरी ठेवू नये.

टाकी उतरवल्यावर तोंडातून आत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहावे. तळाशी तांबूस गाळ दिसतो, कोपऱ्यात पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात आणि फ्लोटच्या दांडीला चिकट पिवळा थर असतो. टाकी कलंडवली तर एक थेंब गळत नाही. आता ती रिकामी आहे. आणि आता ती धोक्याची आहे.

वेल्डरला हे पटत नाही. नव्या टाकीचे तोंड जुन्याच टाकीचे कापून लावायचे असते, म्हणून तो गॅस पेटवून तयार असतो. "भाऊ, रिकामी हाय न टाकी? मंग काहून भेऊन राह्यले?" भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. रिकाम्या टाकीत तळाच्या ओलीवरून वाफ उठत राहते, आणि हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगी पुरते. ओल उणे चाळीस अंशांनाही वाफ देते, आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे असतो ते सांगायला नको. टाकी धुऊन, वाफ देऊन, पाण्याने भरून मगच कापतात, तेही ज्यांचा तो धंदा आहे ते. बाकीच्यांनी जुने तोंड भंगारात घालून नवे विकत घ्यावे.

दुसरी गोष्ट घराच्या नकाशाची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते, उंबरठा ओलांडते आणि संध्याकाळी सातला तुळशीपाशी लावलेल्या दिव्यापर्यंत आपल्या पायाने जाते. पोर्चचे दार, स्वयंपाकघराचे दार आणि देवघर एका रेषेत असल्यास वास्तुशास्त्रात काय सांगितले आहे ते असो, पदार्थविज्ञानात हे वाईट आहे.

देशातल्या स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचा कारभार पाहणाऱ्या पेसो या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. मुख्य स्फोटक नियंत्रक इतके जवळ बसणे हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना लाभते. आपल्या अंगणातून त्यांना कळवण्याची वेळ येऊ नये, एवढीच अपेक्षा.

नवी टाकी

टाकी म्हणजे डबा नव्हे, हे ऐकून वेल्डर हसेल. हसू द्यावे. आत आडवे पडदे हवेत, नाहीतर ब्रेक मारला की पेट्रोलही पुढे धावते आणि गाडी थांबल्यावर ते मागे येऊन दुसऱ्यांदा धक्का देते. हवा आत येण्याची वाट हवी, नाहीतर पंप ओढत राहतो आणि टाकी पोट आत घेते. ती वाट अशी हवी की गाडी उलटली तर बंद व्हावी. वर रिकामी जागा हवी, कारण पेट्रोल अंशाला हजारात एक भाग फुगते. पहाटे काठोकाठ भरलेले ५५ लिटर दुपारी वीस अंशांनी तापले की लिटरभर पेट्रोल बाहेरची वाट शोधते. इंजिनाकडून परत येणारी नळी असेल तर तिलाही घर हवे. आणि फायबरच्या अंगातून वीज वाहत नाही, म्हणून टाकी आणि भरण्याचे तोंड वेगळ्या तारेने चासीला जोडावे. नाहीतर पंपाचे नोझल टेकवताना स्थिर विजेची बारीकशी ठिणगी पडते. बारीकच.

टाकीही फायबरची करू म्हणणाऱ्यांना इथेनॉल भेटेल. जुन्या रेझिनला ते मऊ करते, जुन्या रबरी नळ्यांना फुगवते आणि पावसाळ्यात पाणी ओढून तळाशी बसते.

काट्याचे पाहू. फ्लोटची दांडी जुन्या टाकीच्या मापाची असल्याने नव्या टाकीत ती तळापर्यंत पोचत नाही. दांडी चिमट्याने वाकवतात. मग टाकी पूर्ण असताना काटा अर्धी दाखवतो, अर्धी असताना पूर्ण, आणि रिझर्व्हचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. लाकडी पट्टी टाकीत बुडवून पाहावी.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द दोनदा वाचावेत. टाकी एक, पाइप दोन, डिकीचे झाकण तीन. एमएच-२९ च्या पाटीखालून साहेब वाकून पाहू लागले की टाकीला स्टेपनी म्हणून पाहू नये, त्यांनी टाक्या पाहिलेल्या असतात. विमा कंपनीचा माणूस मात्र वाकतही नाही. तो फक्त फोटो काढतो.

पहिली भरणी

सगळे बसले, गळती नाही, काटा खोटा पण स्थिर. आता पंपावर जावे. पोरगा झाकण उघडतो, आत डोकावतो, पुन्हा डोकावतो आणि विचारतो, "भाऊ, किती?"

इथे कृतीचा एकमेव भाग असा आहे की जो वाचकाला आधीपासून येतो. लिटर शंभराच्या वर गेल्यापासून तो तोंडपाठ आहे. पाचशेचे टाका, म्हणावे.

पाचशेचे पेट्रोल पावणेपाच लिटरच्या आसपास येते. सव्वा फूट रुंदीच्या टाकीत ते तळाशी सव्वा इंच पसरते. त्यातले बरेचसे पंपाच्या जाळीखालीच राहते, आणि वरची पोकळी वाफेने भरते. आर्णीच्या रस्त्याला मनदेवच्या वळणावर ते सगळे डावीकडे जाते, पंपाला हवा लागते, इंजिन दोनदा खोकते आणि बंद पडते. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, दिवे लावावेत आणि बाटलीत पेट्रोल आणायला कोणाला पाठवू नये, पंपावर बाटलीत देत नाहीत.

ट्रॅक्टर येईल. त्याची टाकी कंपनीतूनच पन्नास-साठ लिटरची असते. दोर पुढच्या बंपरला नाही, चासीला बांधावा, फायबर हातात येते. पंपावर पोचल्यावर ट्रॅक्टरवाला ओढाईचे पैसे घेत नाही, वऱ्हाडात ते शोभत नाही. तो फक्त म्हणतो, "भाऊ, आलोच हाय तं मायात बी टाकून द्या." किती, असे विचारल्यावर तो टाकीकडे पाहतो, तुमच्या गाडीकडे पाहतो आणि म्हणतो, "फुल्ल करा."